रॅम्पचे आभार

चहाचा कप आधी खाली ठेवा. हातात गरम चहा धरून हा किस्सा ऐकायचा नसतो. मागच्या वेळी सांगितला तेव्हा शेजारच्या वहिनींचा नवा ड्रेस गेला, आणि धुलाईचं अजून मला ऐकवतात.

तर तुम्हाला माहीतच आहे, मी विज्ञानकथा लिहिते आणि मी व्हीलचेअरवर असते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण हे कुणाला पटेल तर शपथ. माझी मुलाखत कुठेही छापून येवो, मथळा ठरलेला: ‘व्हीलचेअरवरून अवकाशात झेप’. अहो, कसली झेप? मी आचोळ्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबलाशी बसून लिहिते. एका हाताशी लॅपटॉप, दुसऱ्या हाताशी निवडायची मेथी.

बरं, सत्काराला बोलावतात तिथेही तेच. शाल, नारळ, आणि ‘इतकं असूनही’ या शब्दांनी सुरू होणारं प्रास्ताविक. मग प्रश्न. आंघोळ कशी करता, लग्न कसं जमलं, मिस्टरांनी कसं स्वीकारलं. पुस्तकाचं नाव मात्र निवेदक चिठ्ठीत बघून सांगतो आणि तेही चुकीचं. शालींनी आमचं कपाट भरलंय, आणि त्या दुसऱ्यांना भेट द्याव्यात तर त्यांच्याकडेही माझ्याच सत्कारातल्या शाली निघतात.

माझी एकच इच्छा होती हो. एकदा, फक्त एकदा कुणीतरी मला पुस्तकासाठी बोलवावं. पायांसाठी नाही. समोरच्यानं पुस्तक वाचलेलं असावं आणि त्यातलं काहीतरी विचारावं. भांडला तरी चालेल.

आता माझ्या लिहिण्याची एक रीत सांगते, ती पुढे लागेल. दुसरे लेखक नवं जग उभं करायला घेतात तेव्हा सूर्य किती, चंद्र किती ते आधी ठरवतात. मी आधी ठरवते की इथे लिफ्ट आहे का. माझ्या कथांमध्ये जिने नसतात. नसतातच. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट दर पंधरवड्याला रुसते, मग मी चौथ्या मजल्यावर अडकते आणि त्या रागात एखादा अख्खा ग्रह सपाट करून टाकते. परग्रहवासी कसेही दिसोत, किती का डोळे असोत, त्यांच्या घराला उतार असतो म्हणजे असतो.

अशाच एका रागातून माझी ‘तिसऱ्या चंद्रावरची चावडी’ ही कादंबरी झाली. तिची नायिका कॅप्टन वैजयंती. अवकाशतळाची प्रमुख, तोंडाची फटकळ, आणि माझ्यासारखीच व्हीलचेअरवर. पुस्तक आलं, दोन-चार जणांनी ‘छान मुखपृष्ठ’ असं कळवलं, आणि विषय संपला.

आणि मग नाताळच्या तोंडावर वसईजवळच्या वटार गावाहून फोन आला.

“मी इनास सर बोलतोय. रिटायर्ड शिक्षक. आमचं गावात एक वाचक मंडळ आहे. तुमची ‘चावडी’ आम्ही सगळ्यांनी वाचली.”

“सगळ्यांनी?” मी म्हटलं.

“सगळ्यांनी. काहींनी दोनदा. त्यावरून सध्या मंडळात बोलाचाल बंद आहे. तुम्ही येऊन एकदा निकाल दिलात तर बरं होईल. आमच्याकडे घराघरात नाताळ आलाय आणि माणसं एकमेकांकडे बघत नाहीत.”

“कशावरून पण?”

“ते तुम्ही आल्यावरच. आमच्या ब्रिजित टीचर म्हणाल्या, फोनवर विचारायचं नाही, नाहीतर तुम्ही उत्तर तयार करून याल.”

मला आभाळ ठेंगणं झालं. माझ्या पुस्तकावरून माणसं भांडतायत! तरी सवयीनं मी विचारलंच, “सर, जागा कशी आहे? पायऱ्या?”

“एकही नाही,” सर म्हणाले. “काळजीच करू नका.”

हे वाक्य मी आयुष्यात शेकड्यानं ऐकलंय. ‘एकही पायरी नाही’ म्हणजे पाच असतात, ‘एकच आहे’ म्हणजे मजला असतो. तर मी मनाची तयारी करून, आणि मनात जरा धार लावूनच निघाले.

दिलीप बरोबर होता. दिलीप म्हणजे माझे मिस्टर. सातिवलीला एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे. बोलायचं काम घरात माझ्याकडे आणि उचलायचं त्याच्याकडे, अशी आमची वाटणी. मी भाषणात वाहवत जाते म्हणून आमची एक खूणही ठरलेली आहे. त्यानं स्वतःचा कान ओढला की मी आवरतं घ्यायचं.

वटारला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. वाडीतल्या मोकळ्या अंगणात, चिकूच्या झाडाखाली गोल करून खुर्च्या मांडलेल्या. मध्ये एक टेबल, त्यावर विणलेला पांढरा रुमाल, फुलदाणी, माइक. माणसं आलेली होती, आणि प्रत्येकाच्या मांडीवर माझं पुस्तक होतं. मला ते बघून खरंच भरून आलं. पण मी ते नीट बघितलं कुठे? कारण तेवढ्यात माझी नजर पलीकडे गेली.

पलीकडे स्टेज होतं. आणि स्टेजला रॅम्प होता.

तुम्हाला कळणार नाही. चालणाऱ्या माणसाला रॅम्प म्हणजे लाकडाची उतरती फळी. मला विचाराल तर इतक्या सत्कारांत मला चार माणसांनी देवीसारखं उचलून वर ठेवलंय, एकदा तर कार्यक्रम संपल्यावर माणसं जेवायला गेली आणि मी वरच राहिले. आणि इथे चक्क रॅम्प. नवा, मजबूत, चांगला रुंद. त्यावर गोणपाट अंथरलेलं आणि आडव्या पट्ट्या ठोकलेल्या. वर स्टेजवर गवत पसरलेलं, मागे झावळ्यांचं छप्पर, आणि छपरावर केवढी तरी मोठी चांदणी टांगलेली.

“दिलीप, बघ,” मी म्हटलं. “परग्रह केलाय. माझ्यासाठी. वर तारासुद्धा लावलाय.”

“अगं, टेबल खाली मांडलंय,” दिलीप म्हणाला.

“ते चहापाण्याचं असेल. चल, ढकल.”

डिसेंबरात वसईत घरोघर चांदण्या लागतात हे मला माहीत नाही का? दरवर्षी बघते. पण माणसाला कौतुकाची सवय नसली की ते एकदम आल्यावर डोळ्यांवर येतं. आम्ही वर चढलो. त्या पट्ट्यांवरून खुर्ची ठकठक करत गेली, आणि मी मनात म्हटलं, चाक घसरू नये म्हणून केवढा विचार केलाय. गोणपाटाला पेंडीचा वास येत होता. तोही मला मातीचा वाटला.

इनास सर चहाचं बघायला गेले होते, ते परत आले तर पाहुणी स्टेजवर. मग भला माणूस, काही न बोलता माइक घेऊन वर आला. दिलीप उतरून मागच्या रांगेत जाऊन बसला, आणि खाली सगळ्यांनी मुकाट्यानं खुर्च्या फिरवल्या. गोल मोडला, रांगा झाल्या. सरांनी मला शाल दिली, फुलांचा गुच्छ दिला आणि म्हणाले, “ताई, आपण थेट चर्चेलाच सुरुवात करूया का? मंडळी प्रश्न घेऊन बसलीत.”

“करूया ना,” मी म्हटलं, “पण आधी मला दोन शब्द बोलायचेत.”

दोन शब्द पाऊण तास चालले.

पुस्तकावर एक अक्षर नाही. सगळं रॅम्पवर. मी म्हटलं, महाराष्ट्रभर फिरले, पण न सांगता, न मागता माझ्यासाठी रॅम्प बांधणारं गाव मी आज पहिल्यांदा बघतेय. मी म्हटलं, हे नुसतं लाकूड नाही, हे मन आहे. मी म्हटलं, शहरातल्या मोठमोठ्या सभागृहांनी वटारला येऊन शिकावं. खाली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मला वाटलं, विनय आहे. दिलीपनं कान ओढला. मला वाटलं, डास चावला.

मागून कुठूनतरी हंबरल्याचा आवाज आला. “ऐकलंत?” मी म्हटलं. “गावच्या गाईलासुद्धा पटलंय.” त्यावर मंडळी हसली, आणि मी आणखी फुलले.

“हा रॅम्प कोणी बांधला? त्यांनी वर यावं. मला त्यांचा सत्कार करायचाय.”

कोणी हलेना. इनास सर घसा खाकरून म्हणाले, “बांधला आमच्या अंतोननं, पण ताई, त्याचं असं आहे की...”

“पण-बिण काही नाही. अंतोनभाऊ कुठे आहेत?”

मागून पन्नाशीचा एक माणूस आला. हातात दोरी, पायांत गमबूट. गडी लाजून पार अर्धा झाला होता. मला मिळालेली शाल मी त्याच्या खांद्यावर घातली.

“मॅडम,” तो हळूच म्हणाला, “मी काय म्हनतो, साडेसहाला आमची ती...”

“तुम्ही काहीच म्हणू नका,” मी म्हटलं. “मोठी माणसं अशीच असतात. काम करतात आणि बोलत नाहीत.”

तो शाल पांघरून खाली गेला. दिलीप आता दोन्ही कान ओढत होता.

आणि इथे, मंडळी, मी आयुष्यातलं सगळ्यात महागाचं वाक्य बोलले. “मी माझ्या लेखनात एक पथ्य पाळलंय,” मी म्हटलं. “माझ्या एकाही कथेत, एकाही कादंबरीत जिना नाही. जग मला पायऱ्या देतं, मी जगाला उतार देते. शोधून दाखवा एक पायरी.”

खुर्च्यांमधून एक लाट गेली. कुणी कुणाला कोपरानं ढोसलं, कुणी पुस्तक उघडलं. पहिल्या रांगेत करड्या केसांच्या एक बाई ताठ बसल्या होत्या, त्यांचं बोट मघापासून पुस्तकात एका पानावर खूण करून होतं. त्यांनी हात वर केला.

“प्रश्न शेवटी,” मी गोड हसून म्हटलं.

हात खाली गेला. बोट तिथेच राहिलं.

“तर मित्रहो, हा रॅम्प ज्यांच्यासाठी बांधला गेला...” मी समारोपाला लागले, आणि रॅम्पवर ठकठक वाजलं.

वळून बघते तर गाय. अंगानं भरलेली, कपाळावर पांढरा ठिपका, गळ्यात घंटा. कसलीही घाई न करता, एकेक पट्टी बघून पाय टाकत ती वर येत होती. तिच्या चढण्यात एक सराव होता. ती आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि माझ्याकडे बघायला लागली, आपल्या रिझर्व्हेशनच्या सीटवर बसलेल्या माणसाकडे आपण बघतो ना, तशी.

“चंद्री, थांब गो,” खालून अंतोन ओरडला. चंद्रीनं माझ्या मांडीवरचा गुच्छ तोंडात घेतला, शांतपणे चावला, आणि रॅम्पच्या तोंडाशीच बसली. माझी उतरायची वाट बंद.

खाली इतका वेळ धरून ठेवलेलं हसू फुटलं ते फुटलंच. इनास सर माझ्या बाजूला वाकले आणि आजाऱ्याला रिपोर्ट सांगावा तसं हळू आवाजात म्हणाले, “ताई, नाताळचं नाटक आहे आमचं. बाळ येशूच्या गोठ्याचं. त्यात यंदा खरी गाय आणायची ठरली. आता साडेसहाला रंगीत तालीम. चंद्री पायऱ्या चढत नाही, म्हणून अंतोननं तो रॅम्प...”

“आणि माझ्यासाठी?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“तुमच्यासाठी आम्ही सगळे खाली बसलो होतो,” सर म्हणाले. “एका पातळीत. म्हटलं, तुम्हाला वर चढायला लागू नये आणि आम्हालाही तुमच्याशी मान वर करून बोलायला लागू नये.”

मी त्या टेबलाकडे बघितलं. विणलेला रुमाल, फुलदाणी, आणि एक रिकामी जागा. बरोबर एक खुर्ची काढून ठेवलेली, माझी व्हीलचेअर बसावी म्हणून. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं, पण मी धरणीवरही नव्हते. स्टेजवर होते, गवतात, गाईच्या शेजारी.

“आता प्रश्न विचारू का?” पहिल्या रांगेतून आवाज आला.

त्या ब्रिजित टीचर. अंतोनच्या थोरल्या बहीण. त्यांनी जन्मभर गणित शिकवलं होतं, आणि सांगायला नको, निम्म्या रांगा त्यांच्याच माजी विद्यार्थ्यांच्या. त्या उभ्या राहिल्या तशी सगळी चिडीचूप झाली. चंद्रीसुद्धा.

“प्रकरण चौदावं,” टीचर म्हणाल्या, आणि बोट होतं ते पान उघडून वाचायला लागल्या. “‘प्राणवायू संपत आला होता. वैजयंतीनं मागे वळूनही पाहिलं नाही. दोन-दोन पायऱ्या एका दमात ओलांडत ती मनोऱ्यावर पोचली.’” त्यांनी चष्मा काढला. “कशी?”

मी मनातल्या मनात चौदावं प्रकरण उलगडलं. मनोरा आठवला. प्राणवायू आठवला. आणि देवा, पायऱ्यासुद्धा आठवल्या. चांगल्या दगडी होत्या.

“यावरूनच मंडळात दोन तट पडलेत,” इनास सर पुढे सरसावले. “माझं म्हणणं असं, की तिसऱ्या चंद्रावर गुरुत्वाकर्षण कमी. तिथे शरीराचं वजनच उरत नाही, त्यामुळे तिचे पाय तिथे काम करतात. आणि हे तुम्ही मुद्दाम उघड सांगितलेलं नाही. वाचकानं ओळखायचं. केवढी सुंदर कल्पना आहे.”

“मी बोल्लो, तिला मशीनचे पाय हायत,” अंतोन शालीतून म्हणाला. “ते पुढच्या भागात कलनार.”

“आणि माझं म्हणणं असं,” टीचर म्हणाल्या, “की लेखिका विसरली.”

खरं सांगू? गुरुत्वाकर्षण माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. काय सुंदर वाट काढून दिली होती सरांनी, जायचं तेवढं बाकी होतं. त्यांचा चेहरा असा आशेनं फुललेला, की नाही म्हणायला जीव होईना. पण मी आयुष्यभर ज्याची वाट बघितली होती ते हेच तर होतं. माझं पुस्तक कुणीतरी इतकं वाचलं होतं, की त्यावरून सख्ख्या शेजाऱ्याशी बोलणं टाकलं होतं. त्यांच्याशी खोटं बोलले असते तर मग मला शाली आणि नारळच शोभले असते.

“विसरले,” मी म्हटलं.

टीचरनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

“प्राणवायू संपत होता, मागे शत्रू लागला होता, एका बैठकीत लिहीत होते,” मी म्हटलं. “त्या घाईत कॅप्टनला उचललं आणि पळत सुटले. खुर्ची खालीच राहिली.”

“ठीक,” टीचर म्हणाल्या आणि बसल्या. त्यांच्या रांगेत दोघातिघांनी विजयी मुद्रेनं माना हलवल्या. पण इनास सर सहज हार मानणाऱ्यांतले नव्हते.

“पण ताई, मग पंधराव्या प्रकरणात ती मनोऱ्यावर पुन्हा खुर्चीतच बसलेली आहे. खुर्ची वर नेली कोणी?”

तेव्हा मागच्या रांगेतून, अख्ख्या कार्यक्रमात एक शब्द न बोललेला दिलीप म्हणाला, “मी नेली असेल. नेहमी मीच नेतो.”

असं हसणं मी कुठल्या कार्यक्रमात ऐकलं नाही. माणसं खुर्च्यांवरून घसरली. ज्यांची बोलाचाल बंद होती ती एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. इनास सर डोळे पुसत टीचरना म्हणाले, “मानलं बाई तुम्हाला.” आणि टीचर, ज्यांना वटारमध्ये कुणी हसताना बघितलं नव्हतं म्हणे, त्याही हसल्या. हसून झाल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं आणि शांतपणे शेवटची रेघ ओढली.

“आमची गाय पायऱ्या चढत नाही, हे आमच्या लक्षात राहिलं. तुमची कॅप्टन चढत नाही, हे तुमच्या नाही.”

मी माइक सरांच्या हातात परत दिला.

मग अंतोननं चंद्रीला उठवलं. ती आधी उतरली, तिच्या मागून मी. खाली टेबलाशी बसून आम्ही पुस्तकावर बोललो, म्हणजे मंडळी बोलली आणि मी ऐकलं, कारण मला आता माइक कुणी देत नव्हतं. माझ्या पायांबद्दल एकानंही विचारलं नाही. लग्न कसं जमलं तेही नाही. उलट दिलीपलाच दोघांनी विचारलं, की इतकं बोलणाऱ्या बाईंना तुम्ही कसं स्वीकारलंत.

घरी येताना रिक्षात मी त्याला म्हटलं, “तू प्रुफं वाचली होतीस ना? तुला दिसलं नव्हतं?”

“दिसलं होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“मला वाटलं, घाईत असेल ती.”

दुसऱ्या आवृत्तीत आता त्या मनोऱ्याला रॅम्प येतोय. माप अंतोननं दिलंय, पट्ट्यांसकट. छापायला जाण्याआधी ते प्रकरण टीचर तपासणार आहेत, आणि मला त्यांची प्रकाशकापेक्षा जास्त भीती वाटते.

आणि यंदा वटारहून पुन्हा फोन आला. मंडळानं माझं दुसरं पुस्तक वाचलंय, पुन्हा दोन तट पडलेत. इनास सर म्हणाले, “ताई, यंदा नाटकसुद्धा आम्ही खाली अंगणातच करतोय. चंद्रीलाही मोकळं पडतं. तेव्हा टेबल नेहमीच्या जागी, आणि रॅम्प या वर्षी नाही.”

“का हो, रॅम्प का नाही?” मी सवयीनं चढ्या आवाजात विचारलं.

“टीचरनी सांगितलंय,” सर अदबीनं म्हणाले. “म्हणाल्या, रॅम्प दिसला की बाई पुस्तकावर बोलत नाही.”